केव्हिनच्या आईची पत्रे वाचल्यानंतर

प्रश्न : लायोनेल श्रायव्हर यांची 'वुई नीड टू टॉक अबाउट केव्हिन' ही कादंबरी वाचल्यापासून आठ वर्षांच्या माझ्या मुलाकडे मी संशयाने पाहू लागले आहे. परवा त्याने धाकट्या बहिणीची बाहुली मोडली, माफीही मागितली नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला. तो जन्मल्यावर कित्येक महिने मला त्याची माया वाटली नव्हती. हे त्याचेच फळ असेल का? यजमान म्हणतात, असली पुस्तके वाचूच नकोस.

उत्तर : ताई, २००३ साली आलेल्या या कादंबरीत शाळेत हत्याकांड करणाऱ्या मुलाची आई, इव्हा, सारे काही घडून गेल्यावर नवऱ्याला पत्रे लिहीत मागे वळून पाहते, आणि म्हणूनच तिला केव्हिनच्या तान्हेपणीच्या रडण्यातही वैर दिसते. शेवट ठाऊक असलेल्या माणसाची ती नजर आहे. तुमच्या घरी तसे काहीही घडलेले नसताना तुम्ही तीच नजर उसनी घेऊन मुलाविरुद्ध पुरावे गोळा करत आहात, याची मला त्या बाहुलीपेक्षा जास्त काळजी वाटते. आठ वर्षांचे मूल मत्सराने बाहुली मोडते आणि शरमेने गप्प राहते, हे घरोघरी घडते. तो वारंवार, जाणूनबुजून बहिणीला किंवा मुक्या प्राण्यांना इजा करत असेल, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.

माया न वाटण्याविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे. तुम्हाला तो झाला असेल, तर त्यात तुमचा दोष नव्हता, आणि तेव्हा कोणी ओळखले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. केव्हिन लहानपणी आजारी पडतो, आई त्याला रॉबिन हूडची गोष्ट वाचून दाखवते आणि तो तिला बिलगतो, तो प्रसंग पुन्हा वाचा. एवढ्या कडवट पुस्तकातही त्या मायलेकांना ते थोडे दिवस मिळाले आहेत. तुमच्या हाताशी तर अजून सगळे बालपण आहे.

यजमानांचे म्हणणे मला पटत नाही. इव्हाचा नवराही तिची प्रत्येक शंका उडवून लावत असे, आणि ती ज्याला मन मोकळे करून पत्रे लिहिते तो हयातच नाही, हे आपल्याला अखेरीस कळते. तुमचे यजमान घरात आहेत. त्या महिन्यांविषयी त्यांना सांगा. तोंडाने जमत नसेल, तर मला लिहिलेले हे पत्रच त्यांच्या हाती द्या.