कोरीवकामाला अँटिक लूक देण्यासाठी किडलेलं लाकूड कसं वापरावं?

तुम्हाला गणेशपट्टी कोरायची आहे आणि ती जुन्या वाड्यातली वाटावी म्हणून भोकं पडलेलं, किडलेलं लाकूड वापरायचंय. माझं उत्तर एका शब्दात: नका. आमचं घराणं पिढीजात सुताराचं, लातूरला वर्कशॉप आहे, आणि याच गोष्टीवरून माझ्या सख्ख्या दाजींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. त्यामुळे उत्तर लांबणार.

दाजींचं संभाजीनगरला जुन्या वस्तूंचं दुकान आहे. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले पाहुणे जाताना काहीतरी वाड्यातलं म्हणून घेऊन जातात, त्यावर धंदा चालतो. एकदा ते टेम्पोत आंब्याच्या फळ्या घालून माझ्याकडे आले. सगळ्या घुण लागलेल्या. म्हणाले, "यावर गणपती अन् वेलबुट्टी काढून दे. भोकं आयतीच हायेत, शंभर वर्षाचा माल वाटतंय बघ." मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं.

पुढे लातूरच्याच एक मॅडम तसली पट्टी घेऊन दुरुस्तीला आल्या. देवघराच्या दारावर लावली होती आणि खाली रोज पांढरं काहीतरी सांडत होतं. मी काळं फडकं अंथरून पट्टी पालथी ठोकली, तर मैद्यासारखी भुकटी पडली. म्हणजे किडा आत जिवंत असणार. मग त्यांना गणपतीची सोंड दाखवली. सोंडेच्या वळणावरून एक बारीक चर आडवी गेलेली, वरून उघडी, आत भुकटी ठासलेली. तशीच दुसरी पोटावरून निघून मोदकाच्या हातात शिरलेली. इथंच नकली माल पकडला जातो. अळी लाकडाच्या आतून पोखरत फिरते, वर येत नाही. तिचा भुंगा झाला की एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून तो बाहेर पडतो. त्यामुळे आधी कोरलेल्या आणि नंतर किडलेल्या कामावर वरून गोल भोकंच दिसतात. कोरलेल्या अंगावर अशा लांब उघड्या चरी दिसल्या की समजायचं, किडा आधी फिरलाय आणि पटाशी नंतर. ड्रिलनं पाडलेली भोकं तर त्याहून लवकर कळतात. त्यात तार सरळ तळापर्यंत जाते, खऱ्या भोकात ती लगेच वळणावर अडते.

मॅडमनी पट्टी परत करून पैसे मागितले. दाजींचा फोन आला, "घरचा माणूस असून माझं गिऱ्हाईक तोडायलास?" तेव्हापासून पंचमीला ताईला दारात सोडतात आणि गाडी तिथूनच वळवतात. ताईला वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण त्या बाईंच्या घरात बांबूच्या खुर्च्या होत्या, आंब्याच्या लाकडाचं कपाट होतं. किडा त्यात शिरला असता तर भरून कोण देणार होतं?

दाजींचं म्हणणं, गिऱ्हाईकाला जुनं म्हणजे किडलेलंच कळतं. कळत असेल तर आपण त्याला खरं जुनं दाखवावं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागात माळवदाची घरं पडली, उरलेली लोकांनी भीतीनं उतरवली, आणि लाकूड विकायला निघालं. माझ्या वडिलांनी त्यातले खांब आणि तुळया घेऊन ठेवल्या. काही अजून माझ्याकडे आहेत. सागाचा गाभा आजही ठणठणीत आहे. किडा लागलाय तो फक्त बाहेरच्या पांढऱ्या भागाला, कारण या अळीला लागणारा स्टार्च तिथं असतो. एका खांबाला बसत्या माणसाची पाठ टेकायची तेवढाच पट्टा गुळगुळीत झालाय. वरच्या अंगाला चुलीचा धूर बसलाय, दिव्याच्या खिळ्याखाली तेल मुरून काळा ओघळ आलाय. जुनेपणा म्हणतात तो हा. पूर्वीची माणसं बांबू आणि बाभळीची लाकडं महिनोन्महिने पाण्यात बुडवून ठेवायची ती किडा लागू नये म्हणूनच. त्यांच्या नावावर किडका आंबा खपवणं मला सहन होत नाही.

आता तुमचं काम. पाडलेल्या घराचा साग मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभूळ घ्या. कोरून झाल्यावर हात पोचेल तिथल्याच कडा झिजवा, खोबणी तशाच राहू द्या. सगळीकडे सारखा पॉलिश पेपर फिरवला की काम नवीन दिसतं. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजवून, गाळून ते पाणी लावा. बाभळीत टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, भरपूर असल्यानं रंग काळपट चढतो. आंब्यावर तसा चढत नाही. वरून जवसाचं तेल, वाळल्यावर मेण.

किडलेलंच वापरायचं असेल तर आधी किडा मारा. लाकडाच्या मधोमध किमान 56 अंश उष्णता सलग अर्धा तास टिकली पाहिजे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांनाही हाच नियम आहे. मी जास्तच वेळ ठेवतो. आपल्याकडचं ऊन कितीही कडक असलं तरी नुसतं अंगणात टाकून हे होत नाही, सीझनिंगची भट्टी लागते. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी कोऱ्या लाकडात मुरवा, पॉलिशनंतर ते आत जात नाही. बारीक नक्षीच्या नादी लागू नका, पटाशी लावली की कडा ढासळतात. साधी फ्रेम करा.

स्वतःच्या घरासाठी करत असाल, किंवा विकताना बिलावर 'नवीन काम' लिहून देत असाल, तर माझी काही हरकत नाही. परदेशी पाहुण्याला मात्र शंभर वर्षांचं म्हणून विकू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं खरोखर तेवढी जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, म्हणजे विमानतळावर अडकणार तो पाहुणा. हे मी दाजींनाही सांगितलं होतं. त्यांनी बिलावर 'नवीन काम' लिहायचं कबूल केलं, तर वडिलांच्या त्या सागातून पट्टी मी स्वतः कोरून देईन, मजुरी न घेता.