‘मी आजारी पडले की बाबा येतात’

घटस्फोट घेतलेल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : “आम्ही पुन्हा एकत्र येऊ, अशी आशा मूल अजूनही धरून आहे. ती मोडावी का?” हीच चिंता घेऊन आलेल्या एका आईच्या नऊ वर्षांच्या मुलीचे पोट दर शुक्रवारी दुखत असे आणि तपासण्यांत काहीच निघत नसे. शनिवारी वडिलांकडे जायचे टाळण्यासाठी ती असे करते, असा आईचा समज होता. मुलीने काढलेल्या चित्रात मात्र दवाखान्याच्या बाकावर तिघे बसलेले होते आणि मध्ये बसलेल्या तिने दोघांचेही हात धरले होते. पोट दुखले की आई बाबांना फोन करते आणि ते धावत येतात, हे तिने हेरले होते.

आजीबरोबर टीव्हीवर पाहिलेल्या ‘दो कलियाँ’ची गोष्टही तिने मला सांगितली. १९६८ च्या या चित्रपटात, विभक्त झालेल्या आईवडिलांकडे वेगवेगळ्या वाढलेल्या जुळ्या बहिणी एकमेकींची जागा घेतात आणि अखेर आईवडिलांना एकत्र आणतात. लहानग्या नीतू सिंगने रंगवलेल्या त्या दोघी मलाही फार आवडतात. परंतु अशा कथा घर सांधण्याचे काम मुलांवर सोपवतात, हे विसरून चालणार नाही. ज्या मुलाला आपण घर जोडू शकू असे वाटते, त्याला ते आपल्यामुळेच मोडले असेही आतून वाटत असते.

ही दुसरी बाजू १९७९ च्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ या इंग्रजी चित्रपटाने फार प्रामाणिकपणे दाखवली आहे. आइस्क्रीमवरून झालेल्या भांडणानंतर छोटा बिली, आपण वाईट वागलो म्हणून आई गेली का, असे विचारतो, तेव्हा वडील ‘असे काही नाही, झोप आता’ म्हणून त्याची बोळवण करत नाहीत. आपणच तिला आपल्या मनासारखी पत्नी बनवू पाहत होतो आणि ती दुःखी असल्याचे आपल्या ध्यानातच आले नाही, हे ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगतात. पुढे ताबा आईला मिळतो. पण अपिलासाठी बिलीला साक्षीला उभे करावे लागेल, हे कळताच ते माघार घेतात. मुलाच्या खांद्यावर मोठ्यांचे ओझे द्यायचे नाही, हे त्या नकारात स्पष्ट दिसते.

या पालकांनाही मी दोघांनी एकत्र बसून मुलीशी बोलायला सांगितले. आपण पुन्हा एकत्र राहणार नाही आणि त्यात तिचा काहीही दोष नाही, हे त्यांनी सांगितल्यावर ती खूप रडली आणि म्हणाली, “मी शहाण्यासारखी वागले तरी नाही?” वडील म्हणाले, “तू कशीही वागलीस तरी नाही. पण तू कशीही वागलीस तरी शनिवारी मी तुला न्यायला येणारच.” या उत्तराचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

याशिवाय बुधवारी संध्याकाळी वडिलांनी न चुकता फोन करावा, असे ठरवले, जेणेकरून त्यांचा आवाज ऐकण्यासाठी तिला आजारी पडावे लागू नये. पोटदुखी लगेच थांबली नाही, हळूहळू कमी झाली. वाढदिवसाला तिघे एकत्र जेवले की तोच प्रश्न ती पुन्हा विचारते, आणि दोघेही तिला न चिडता तेच उत्तर देतात.