हिचा फोन सारखा वाजतो

"हिचा फोन दिवसभर वाजतो, मॅडम. माझा वाजलाच, तर बँकेचा निघतो."

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेले गृहस्थ ६३ वर्षांचे, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेले. हे वाक्य मी थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्नही मला पाठ आहे: "माझंच काही चुकलं का?"

नाही चुकलं. २०१६ साली युरोपातल्या एका देशातल्या लाखो मोबाइलधारकांच्या कॉल-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस महिनाभरात किती वेगवेगळ्या लोकांना फोन करतो, तो आकडा पंचविशीच्या आसपास सर्वांत मोठा असतो आणि मग उतरू लागतो. तरुणपणी पुरुष पुढे, चाळिशीच्या उंबरठ्यावर बायका पुढे. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ सांगतात की पुढचा काळ थोडा वाटू लागला की माणूस वरवरच्या ओळखी सोडतो आणि जिव्हाळ्याची माणसं धरून ठेवतो. मला हे फार पटतं. म्हणून यादी आखडली की मी घाबरत नाही. चाळणीत शेवटी कुणी उरलंय का, एवढंच बघते.

यांच्या चाळणीत, त्यांच्या मते, कुणीच नव्हतं.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, "ऑफिस सुटल्यावर काय करायचात?"

"बुद्धिबळ. एका सहकाऱ्याबरोबर. चौदा वर्षं."

"गप्पा कसल्या व्हायच्या?"

"गप्पा कसल्या? खेळायचो."

"मग तो मित्र नव्हता?"

बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या वडिलांना मी खांदा दिलाय हो."

कबूल करते, पूर्वी मी अशा पुरुषांना 'मन मोकळं करा, फोन लावून बोला' असंच सांगायचे. त्यांनी फोन लावले, 'काय म्हणतोस, बरंय' इथेच ते संपले आणि माणसं आणखी खट्टू झाली. मैत्री टिकवायला अनेक बायकांना बोलणं पुरतं, अनेक पुरुषांना मात्र दोघांमध्ये काहीतरी काम लागतं: पट, पत्ते, उघडून ठेवलेलं यंत्र. (सगळ्यांचं असंच असतं असं नाही, बोलघेवडे पुरुष आणि अबोल बायका मी पुष्कळ पाहिल्यात.) नोकरी सुटली की ते काम जातं आणि माणूसच गेला असं वाटतं. हा धागा मला उशिरा सापडला, पण आता सुटत नाही.

त्यांना म्हटलं, "खुशाली विचारू नका. डाव मांडायचा का, एवढंच विचारा. वारही ठरवून टाका, दर वेळी बोलवायला लागलं की संकोच आड येतो." आणि बायकोच्या फोनशी तुलना बंद. तिची ती माणसं तिने वर्षानुवर्षं, प्रत्येकाचे वाढदिवस आणि दुखणी लक्षात ठेवून जपलीत.

पुढच्या भेटीला ते वीस मिनिटं उशिरा आले. डाव लांबला होता.

"काय बोललात इतक्या दिवसांनी?"

"काही नाही," ते म्हणाले. "हरलो."