सरपंचांच्या पहिल्या प्रशिक्षणाआधी

सरपंचांना शिकवताना कायद्याची कलमं मागे ठेवा, सुरुवात पाण्याच्या ताळेबंदाने, म्हणजे गावाला मिळणाऱ्या आणि लागणाऱ्या पाण्याच्या हिशेबाने करा. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. गावाचं क्षेत्र 1000 हेक्टर आणि पाऊस 500 मिमी असेल, तर 500 कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर आला की सगळे खूश होतात, आणि इथेच गणित फसतं: बाष्पीभवन आणि वाहून जाणारं पाणी वजा करायचं राहून जातं. ते वजा करायला लावा, मग माणसं, जनावरं, शेवटी पिकं. उसाची ओळ आली की वाद होतोच. होऊ द्या, थांबवू नका.

तारीख सप्टेंबरची घ्या, म्हणजे ठरलेली कामं 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाच्या विकास आराखड्यात बसतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) सोबत बोलवा. अंदाजपत्रक त्याच्याच हातून जातं. महिला सरपंचाऐवजी तिचे यजमान आले तर नम्रपणे परत पाठवा.

सौर पथदिवे सगळ्यांनाच हवे असतात. बॅटरी बदलायला दरवर्षी किती बाजूला टाकणार, पॅनेलवरची धूळ कोण पुसणार, हे ठरावातच लिहून घ्या. नाहीतर खांब उरतात, उजेड जातो.