बिलाची तारीख डेटाबेसमध्ये कशी ठेवायची: टेक्स्ट, डेट की यूटीसी टाइमस्टॅम्प?

तुम्ही विचारलंय की होलसेल दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तारीख टेक्स्ट म्हणून ठेवू, डेट कॉलम घेऊ, की सगळे सांगतात तसं सरसकट यूटीसी टाइमस्टॅम्पमध्ये (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली तारीख आणि वेळ) टाकू. मी म्हणेन दोन कॉलम ठेवा. बिलावर छापलेली तारीख साध्या डेटमध्ये, आणि नोंद नेमकी कधी झाली ते यूटीसीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की काय होतं ते मी स्वतः निस्तरलंय.

दादरच्या फुलबाजारात एका आडत्याचं सॉफ्टवेअर मी केलं होतं. तिथे धंदा पहाटेचा, उजाडायच्या आत अर्धा माल गेलेला असतो. मी एकच कॉलम ठेवला, यूटीसी टाइमस्टॅम्प, आणि रिपोर्टला त्याचाच तारखेचा भाग कापून घ्यायचो. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत केलेलं प्रत्येक बिल आदल्या दिवसाचं दिसणार! टेस्टिंग मी दुपारी करायचो त्यामुळे हे कधी समोर आलंच नाही. मग एका शेतकऱ्याचा फोन आला, "झेंडू मंगळवारी रात्री गाडीत भरला, मग पट्टी मंगळवारची कशी?" (पट्टी म्हणजे आडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब.) त्यांना वाटलं आदल्या दिवशीच्या पडत्या भावाने पट्टी काढली. भाव बरोबर होता, वजन बरोबर होतं, चुकली होती फक्त तारीख, पण ते त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला आणि खूप वाईट वाटलं. १ एप्रिलला तर पहाटेची सगळी बिलं ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली, सीएंनी ती एकेक करून वेगळी काढली.

बिलाची तारीख म्हणजे कागदावर जे छापलंय ते, सर्व्हर मुंबईत असो की सिंगापूरला, ती बदलता कामा नये. शिवाय लाइट गेले म्हणून कच्च्या वहीत लिहिलेलं बिल दुसऱ्या दिवशी एंटर होतं, तेव्हा बिलाची तारीख कालची आणि नोंदीची वेळ आजची, दोन्ही खरंच असतं. नोंदीची वेळ डेटाबेसलाच भरू द्या, युजरला हात लावू देऊ नका.

वेब फॉर्म असेल तर अजून एक जपा. जावास्क्रिप्टमध्ये डेट पिकरमधून १५ ऑगस्ट निवडला की बऱ्याचदा आपल्या मध्यरात्रीची वेळ मिळते, ती आयएसओ फॉरमॅटमध्ये (आधी वर्ष-महिना-दिवस, मग वेळ) पाठवली की यूटीसी होऊन १४ ऑगस्ट १८:३० बनते, आणि पुढे कोणी पहिली दहा अक्षरं कापली की गेला एक दिवस. नुसती तारीख पाठवायची असेल तर वर्ष, महिना, दिवस लोकल वेळेतूनच काढून जोडा.

टेक्स्ट मात्र अजिबात नको. '०१-०४-२०२५' हे सॉर्ट केलं की '३१-०३-२०२५' च्या आधी येतं, आणि ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर हेही बघा की त्याचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८:४४ ला संपतो, त्यामुळे लांबच्या मुदतीच्या तारखा त्यात ठेवू नका, डेट ९९९९ सालापर्यंत जातो.

वेळेच्या कॉलमवर एप्रिलचा रिपोर्ट काढताना ३० तारखेच्या २३:५९:५९ पर्यंत असं लिहू नका, १ एप्रिलपासून १ मेच्या आधीपर्यंत असं लिहा, आणि या हद्दी भारतीय वेळेच्या धरून मग यूटीसीत बदला.

आधीच टेक्स्टमध्ये डेटा असेल तर जुना कॉलम लगेच उडवू नका. शेजारी नवीन डेट कॉलम घ्या, फॉरमॅट स्पष्ट सांगून कन्व्हर्ट करा आणि ज्या ओळी कन्व्हर्ट होणार नाहीत त्या नल, म्हणजे रिकाम्या, राहू द्या. मग त्या ओळींची कागदी बिलं काढा आणि बघून भरा, अंदाजाने नको.