भंडारदऱ्याला राहून रोज एक ट्रेक: शूज नंतर, आधी निघायची वेळ ठरवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. दिवाळीनंतर भंडारदऱ्याला चार दिवस मुक्काम, साठी ओलांडलेले आई-बाबा बरोबर, रोज एक ठिकाण: रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. तुम्ही विचारलंय शूज कोणते आणि बॅग केवढी. बाकी सगळं टूरवाले बघणार आहेत. आमचंही थेट असंच ठरलं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

टोपी, पाणी, सुका खाऊ हे तुम्हाला माहीत असणारच. मला बोलायचंय ते टूरवाल्यांच्या वेळापत्रकाबद्दल. आम्हाला मिळालेल्या कागदावर रतनगडाच्या दिवशी लिहिलं होतं: नऊ ते दहा नाश्ता, साडेदहाला प्रस्थान, सूर्यास्तापूर्वी परत. मी आधी फोन करून विचारलं होतं की गडावरच्या लोखंडी शिड्यांवर गर्दी असते का, वाटाड्या ठरलाय का. "सर, सगळं अरेंज आहे." प्रत्यक्षात गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत वाटाड्याला कुणी काही कळवलेलंच नव्हतं. तो शेतावर गेला होता. अमृतेश्वराच्या देवळापाशी ताटकळत बसलो, दुसरा माणूस मिळाला आणि चालायला लागेपर्यंत बारा वाजले.

दिवस रविवारचा. उतरताना शिडीच्या तोंडाशी ही रांग! शिडीवरून एका वेळी एकच माणूस नीट उतरू शकतो. त्यात खालून वर येणारेही थांबायला तयार नसतात. नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. आमचा नंबर लागला तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या. बाबांनी वरचा गज घट्ट धरलेला, उजवा पाय हवेत चाचपडतोय, पायरी सापडत नाहीये. मी खालून त्यांचा घोटा धरून एकेका गजावर टेकवत होतो आणि बायको मोबाइलचा उजेड दाखवत होती. शिडी संपली म्हणजे गड संपला असं नाही, पुढे रतनवाडीपर्यंत जंगलातली मोठी चाल आहे, आणि मधे कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारा फाटाही आहे. अंधारात तिथे चुकलात की संपलं. आमचा वाटाड्या पोरगेलासा होता, पण पक्का, म्हणून निभावलं.

परत आल्यावर टूरवाल्यांच्या ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं की वेळा अंदाजे आहेत असं कागदावर छापलंय. बाबांचे गुडघे पुढचे कितीतरी दिवस सुजलेले होते, ते कशात बसतं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. संताप याचा की एक फोन गावात केला असता तर हे काहीच झालं नसतं.

तेव्हा तुम्ही तो फोन स्वतः करा. रतनवाडी आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीमध्ये जेवणाची, राहण्याची सोय करणारी घरं आहेत, त्यांच्याकडेच वाटाड्याचं बोला. सहाला चालायला लागायचं, नाश्ता बांधून घ्यायचा. हॉटेलचा बुफे सोडवत नसेल तर ट्रेक सोडा. आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. मी रतनगडाला दुपारचा एक धरतो. नेढं, म्हणजे गडावरचं खडकातलं आरपार भोक, बघायचं राहिलं तरी चालेल.

हरिश्चंद्रगड या यादीतून काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. राजूरवरून पायथ्याच्या पाचनईला जायचं, गड करायचा आणि त्याच दिवशी भंडारदऱ्याला परतायचं, यात गडाच्या प्रसिद्ध कोकणकड्यावर निवांत बसणं होत नाही. त्यासाठी वेगळे या, पाचनईत रहा. पहिल्या दिवशी फक्त धरण, देऊळ, थोडं चालणं. दुसऱ्या दिवशी रतनगड. तिसरा दिवस पूर्ण आराम. चौथ्या दिवशी कळसूबाई. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथल्या शिड्यांवरही तोबा गर्दी. मधले वार धरा.

सरावाबद्दल: मी डॉक्टर नाही, आई-बाबांच्या गुडघ्यांचं आणि बीपीचं डॉक्टरांना विचाराच. पण लोक चढायचा सराव करतात आणि उतरायचा विसरतात. गुडघे उतरतानाच बोलतात. पुण्यात असाल तर पर्वती, नाहीतर सोसायटीचा जिना. पाठीवर भरलेली बॅग घेऊन उतरा, लिफ्टने वर जा, पुन्हा उतरा. दोघांनाही काठी द्या, मात्र शिडीपाशी ती तुमच्याकडे घ्या, त्यांचे हात मोकळे हवेत.

शूजचं विचारलंयत म्हणून एवढंच: माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेले जुने ट्रेकिंग शूज थेट घालून जाऊ नका. वरून धड दिसतात आणि चालताना तळवा सुटून येतो. महिनाभर आधी काढून रोज वापरा. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकी एक, दिवसाचा ट्रेक असला तरी. हा सगळा भाग अभयारण्यात येतो, नाक्यावर शुल्क भरावं लागतं, तेव्हा सुटे पैसे ठेवा. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

आणि टूरवाल्यांना आजच लेखी विचारा की वाटाड्याचं नाव आणि नंबर काय. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फक्त खोल्या त्यांच्याकडून घ्या.