दारूला न शिवलेल्या माणसाला यकृताचा कर्करोग होतो का? लक्षणे व उपचार कोणते?

होतो. माझे वडील खानापूर तालुक्यातील माळकरी शेतकरी होते, त्यांनी दारूचा थेंबही कधी घेतला नाही आणि तरीही ते याच रोगाने गेले.

ऐन सुगीत त्यांची भूक मंदावली. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटे, तो त्यांनी ओझी उचलल्याचा परिणाम मानला. गाठ लहान असताना बहुधा काहीच जाणवत नाही. वजन घटणे, पोटात पाणी होणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. डोळे पिवळे झाल्यावर थोरल्या चुलत्यांच्या हट्टापायी आम्ही काविळीचा पाला देणाऱ्याकडे सहा आठवडे घालवले. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय पाल्याला जाते, एवढेच त्या पाल्याचे सामर्थ्य. बेळगावात सी.टी. स्कॅन झाला तेव्हा गाठ यकृताकडे रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेत शिरली होती, आणि रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून येऊ शकतो, अनेक दशके गुपचूप राहतो आणि कधी कधी सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, त्यापूर्वीच कर्करोग घडवतो, असे डॉक्टरांनी समजावले.

त्याच संध्याकाळी सोप्यात बसून चुलते पाहुण्यांना म्हणाले, “चोरून घेत असणार, त्याशिवाय लिव्हर जात नाही.” वडील आतल्या खोलीत अंथरुणावर होते. त्यांनी ते ऐकले.

उपचार गाठीवर आणि उरलेल्या यकृताच्या ताकदीवर ठरतात. गाठ लहान असेल तर ती कापून काढतात किंवा उष्णतेने जाळतात. एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी ३ सेंटीमीटरपर्यंत असतील, तर प्रत्यारोपणाचाही विचार होतो. त्यापुढे धमनीतून औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडणे, गोळ्या, इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारी औषधे. वडिलांच्या वाट्याला गोळ्या आल्या आणि चार महिने.

म्हणून घरात कोणाला हिपॅटायटिस बी निघाला, तर सख्ख्या भावंडांची व मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना तो नाही त्यांना लस द्यावी. सिरॉसिस असलेल्यांनी, तसेच हिपॅटायटिस बी असून डॉक्टरांनी सांगितलेल्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि ए.एफ.पी. ही रक्ताची चाचणी चुकवू नये. मी डॉक्टर नाही, आणि दारू निरुपद्रवी आहे असा अर्थही माझ्या लिहिण्यातून कोणी काढू नये. दारू, हिपॅटायटिस सी, मधुमेहासोबतची फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष हीही कारणे आहेतच.

चुलत्यांनी “मी कुठे पितो?” म्हणत दोन वर्षे तपासणी टाळली. शेवटी केली, तेव्हा तोच विषाणू निघाला. आता ते रोज गोळी घेतात आणि दर सहा महिन्यांनी माझ्याच मोटारसायकलवर मागे बसून सोनोग्राफीला येतात. सोप्यातले ते वाक्य त्यांनी अजून मागे घेतलेले नाही.